थेटरातला डिजिटल प्रोजेक्टर चालतो कसा? आणि ही "की आली नाही" काय भानगड आहे?

भीमाकाठचा_पिंट्या

राम राम मंडळी. रविवारी तालुक्याच्या थेटरात घरच्यांना घेऊन मराठी पिक्चरला गेलतो, सहाचा शो, सव्वासहा झाले, साडेसहा झाले, पडदा कोरा तो कोराच. पोरांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केल्यावर मॅनेजर आत येऊन म्हणाला, "थोडं थांबा, पिक्चर मशीनमध्ये आहे पण की आली नाही अजून, मेलवर येतीय." मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "कुलूप तोडा की मग!" सगळं थेटर हसलं पण पिक्चर काय सुरू होईना. पावणेसातला झाला एकदाचा.

बरं झाला तर झाला, तो सगळा अंधारलेला. दिवसाचे सीन कसेबसे, रात्रीच्या सीनला तर हिरो कुठला आणि गोठ्यातली म्हैस कुठली पत्ता लागत नव्हता, आमच्या मातोश्री म्हणाल्या माझा मोतीबिंदू वाढला वाटतं. हाच पिक्चर मेव्हण्याने पुण्यात मल्टिप्लेक्सला बघितला, त्याला म्हणे सगळं लख्ख दिसलं. आता मला सांगा, डिजिटल आहे म्हणल्यावर सगळीकडे सेमच दिसायला पाहिजे ना? फाइल तर तीच.

तर मला एवढंच विचारायचंय की हा प्रोजेक्टर आतून चालतो कसा, ही की म्हणजे काय आणि ती कोणाच्या हातात असते, आणि आमच्याकडेच काळपट का दिसतं. रिळांचं मशीन मी लहानपणी केबिनमध्ये घुसून बघितलेलं आहे, ते बघून तरी कळायचं की फिल्म फिरतीय म्हणून चित्र हलतंय. ह्या नव्या खोक्यात बघण्यासारखं काहीच नाही. जाणकारांनी जरा सोप्यात सांगा.

केबिनमधला_काका

पिंट्याराव, मातोश्रींना सांगा डोळे ठणठणीत आहेत. मी सातारा जिल्ह्यात एका सिंगल स्क्रीनला ऑपरेटर होतो, कार्बनच्या कांड्या जाळायच्या तेव्हापासून ते डिजिटल बसेपर्यंत, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आधी कीचं सांगतो. पूर्वी पिक्चर पेटीतून यायचा. अडीच तासाच्या पिक्चरला साधारण साडेतेरा हजार फूट फिल्म, मिनिटाला ९० फूट ह्या हिशोबाने, ती रिळं पत्र्याच्या डब्यात आणि डबे पेटीत. पेटी केबिनला पोचली की पिक्चर आपला, शो सहाला लावा नाहीतर रात्री दोनला लावा, मशीन विचारत नव्हतं. कधीकधी एकच प्रिंट दोन थेटरात चालायची, इथलं रीळ संपलं की पोरगा सायकलवर टाकून तिकडे पळायचा आणि तो वाटेत पंक्चर झाला की तिकडच्या पब्लिकला दुसरं इंटरव्हल. आता काय येतं तर हार्ड डिस्क, किंवा लाइनवरून नाहीतर सॅटेलाइटवरून डायरेक्ट सर्व्हरमध्ये उतरतं. त्या अख्ख्या गठ्ठ्याला डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज म्हणतात. तो सर्व्हरमध्ये भरायचा म्हणजे इंजेस्ट करायचा, त्याच्यातच बराच वेळ जातो. पण भरलेलं सगळं एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद, फाइल घरात आहे पण वाजत नाही. ती उघडणारी जी बारकी फाइल वेगळी येते ती की, पूर्ण नाव की डिलिव्हरी मेसेज, थोडक्यात केडीएम. मेलवर येते, पेनड्राइव्हवर घ्यायची आणि सर्व्हरला लावायची. तिच्यात कुठला पिक्चर, कुठल्या सर्व्हरवर आणि कधीपासून कधीपर्यंत हे सगळं बांधलेलं असतं. शेजारच्या गावची की तुम्हाला चालत नाही, एवढंच काय एकाच मल्टिप्लेक्समध्ये स्क्रीन एकची की स्क्रीन दोनला चालत नाही. घड्याळ मागं करून फसवू म्हणाल तर सर्व्हरच्या आतलं घड्याळ वर्षभरात सहा मिनिटांपलीकडे हलवता येत नाही, नियमच तसा आहे.

की कोणाच्या हातात? थेटरवाल्याच्या तर नाहीच. वितरक सांगतो कुठल्या थेटरला किती दिवस, आणि लॅबवाले तशी बनवून पाठवतात. शुक्रवारी चाललेला पिक्चर रविवारी का अडला म्हणाल तर बऱ्याचदा छोट्या थेटरला अख्ख्या आठवड्याची की मिळतच नाही, दोन-तीन दिवसांची मिळते, पैसे पोचले की पुढची. किंवा सर्व्हर बिघडला म्हणून दुसरा बसवला असेल, मग सगळ्या पिक्चरच्या की नव्याने मागवा. आणि एक मजा सांगतो, सर्व्हरचं कार्ड आणि प्रोजेक्टर यांचं लग्न लावलेलं असतं, इंजिनिअर लोक मॅरेजच म्हणतात त्याला. कार्ड काढलं किंवा भलतंच झाकण उघडलं की मशीनला वाटतं चोर आला, लग्न मोडलं, की कितीही खरी असू दे पिक्चर लागत नाही. मग माणूस येऊन परत लग्न लावून जातो. आमच्याकडे एकदा ऐन दिवाळीत मोडलं होतं, मालक केबिनच्या दारात बसून मला विचारतोय भटजी कधी येणार.

आता काळपटपणाचं. ह्याच्यात फाइलचा दोष नाही, बल्बचा आहे. तुमच्याकडे झेनॉनचा बल्ब असणार. तो महाग, आणि वापरू तसा उजेड कमी होत जातो. नवा असताना करंट कमी ठेवायचा, जुना होईल तसा वाढवत न्यायचा, आणि ठरलेले तास भरले की बदलायचा. पण सिंगल स्क्रीनचा मालक बिचारा दुपारच्या शोला पंधरा डोकी बघून म्हणतो चालवा अजून एक महिना. तो महिना दिवाळीपर्यंत जातो. त्यात केबिनची काच पुसलेली नसते, एसीचा फिल्टर धुळीने भरलेला, पडद्यावर वीस वर्षांची धूळ, की झालं काम.

खवचट_खानावळ

आमच्याकडे पिक्चर स्पष्ट दिसत नाही हे वरदानच समजतात काका, हल्लीचे पिक्चर बघता. पण लग्नाचं भारी आहे, आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं पण मोडलंय बहुतेक.

पुणेरी_लेन्स

काकांनी बहुतेक सगळं सांगितलंच, मी मल्टिप्लेक्सच्या मशीनची सर्व्हिस बघते म्हणून खोक्याच्या आत काय आहे ते सांगते. पिंट्याभाऊ तुम्ही म्हणताय बघण्यासारखं काही नाही, पण हलणारी वस्तू आत आहेच, फक्त ती डोळ्याला दिसत नाही एवढी बारीक आहे.

थेटरातले बहुतेक प्रोजेक्टर डीएलपी असतात. त्याच्या पोटात एक चिप असते आणि तिच्यावर आरसे बसवलेले असतात. 2के मशीन असेल तर आडवे २०४८ आणि उभे १०८०, म्हणजे एका चिपवर २२ लाखांच्या वर आरसे, 4केला ८८ लाखांच्या वर. 2केच्या मशीनमधला एकेक आरसा १० ते १४ मायक्रॉनचा, एका केसाच्या जाडीत पाच-सहा मावतील. लहानपणी उन्हात आरसा धरून शेजारच्या भिंतीवर कवडसा पाडायचो ना, तसाच प्रत्येक आरसा एका ठिपक्याचा कवडसा पडद्यावर पाडतो. आरशाला दोनच काम येतात, एकीकडे कललं की उजेड लेन्समधून पडद्यावर, दुसरीकडे कललं की उजेड आतल्या काळ्या पत्र्यावर जाऊन तिथेच मरतो. बारा अंश इकडे नाहीतर बारा अंश तिकडे, अधलं मधलं काही नाही. मग करडा रंग कसा येतो? तर आरसा एका फ्रेमच्या वेळातच असंख्य वेळा उघडझाप करतो, जास्त वेळ पडद्याकडे राहिला की ठिपका उजळ, कमी वेळ राहिला की काळोखा. आपल्या डोळ्याला ती फडफड कळत नाही, सरासरी उजेड दिसतो. ही चिप १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या लॅरी हॉर्नबेकने बनवली, त्याला त्याबद्दल २०१५ मध्ये ऑस्करवाल्यांचा तांत्रिक पुरस्कार पण मिळाला.

रंगासाठी थेटरच्या मशीनमध्ये अशा तीन चिप असतात. दिव्याचा पांढरा उजेड काचेच्या लोलकातून फोडून लाल, हिरवा, निळा वेगळा करायचा, प्रत्येक रंग आपापल्या चिपवर, आणि परत तिन्ही एकत्र करून लेन्समधून बाहेर. त्या तीन चिप एकमेकींवर तंतोतंत बसल्या पाहिजेत, जरा सरकली की पांढऱ्या अक्षरांना कडेने लाल किंवा हिरवी झालर दिसते. पुढच्या वेळी शेवटची नामावली येते ना तेव्हा निरखून बघा, लगेच कळतं.

आता "फाइल तर तीच" ह्याबद्दल. तसं नाहीये दरवेळी. हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंनी २००२ मध्ये डीसीआय नावाची संस्था काढली आणि २००५ मध्ये नियम ठरवून दिले, कमीत कमी 2के, दर फ्रेम सुटी कॉम्प्रेस केलेली जेपेग २०००, रंगाला १२ बिट, डेटा सेकंदाला जास्तीत जास्त २५० मेगाबिट. हिशोब केला तर दोन तासाच्या पिक्चरला सव्वादोनशे जीबीपर्यंत जाऊ शकतं. पण आपल्याकडे गावोगावच्या थेटरांना ते मशीन परवडणारंच नव्हतं. म्हणून युएफओसारख्या कंपन्यांनी दुसरी वाट काढली, एमपेग-४ मध्ये जास्त दाबलेली फाइल सॅटेलाइटवरून पाठवायची आणि स्वस्तातला, लहान चिपचा प्रोजेक्टर लावायचा. ह्याला आमच्याकडे ई-सिनेमा म्हणतात आणि डीसीआयवाल्याला डी-सिनेमा. पुण्याच्या मल्टिप्लेक्सला डी आणि तुमच्याकडे ई असेल तर मेव्हण्याने बघितलेली आणि तुम्ही बघितलेली फाइल वेगळीच. नाकं मुरडायचं कारण नाही हां, त्या ई-सिनेमामुळेच तालुक्याला पुण्या-मुंबईच्याच शुक्रवारी पिक्चर लागायला लागला, नाहीतर प्रिंट शहरात घासून झाली की मग तुमच्याकडे यायची, पाऊस पडल्यासारख्या रेघा घेऊन.

तरी अंधाराचं मुख्य कारण उजेडच. नियम असा की पडद्याच्या मध्यावर १४ फूट-लॅम्बर्ट उजेड पाहिजे. साध्या पांढऱ्या पडद्याला एक चौरस फुटावर एक लुमेन (हे उजेडाचं माप) पडला की एक फूट-लॅम्बर्ट. ४० फूट रुंद स्कोप, म्हणजे लांबट आकाराचा पडदा धरला तर उंची पावणेसतरा फूट, क्षेत्रफळ ६७० चौरस फूट, गुणिले १४, म्हणजे ९,४०० लुमेन नुसते पडद्यावर पोचले पाहिजेत. काच, लेन्स, जुना बल्ब हे सगळं धरून मशीन त्याच्या दीडपट तरी पाहिजे. आणि अजून एक, तुमच्याकडे कधीकाळी थ्रीडी लागायचा का? लेन्सच्या पुढे पोलरायझरची, म्हणजे उजेड गाळणारी काच असते, ती टूडी शोला बाजूला काढायची असते. न काढता तसाच पिक्चर लावला तर अर्ध्याहून जास्त उजेड तिथेच खलास. थ्रीडीसाठी चंदेरी पडदा बसवलेला असेल तर मध्ये झगझगीत आणि कडेच्या खुर्च्यांवरून काळं, असंही होतं.

भीमाकाठचा_पिंट्या

बाप रे, २२ लाख आरसे! ताई तुमच्यामुळे पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आमच्याकडे थ्रीडी लागायचा खरा, पाच-सहा वर्षांपूर्वी, चष्मे परत घ्यायला दारात पोरगं उभं असायचं. आम्ही बसलो होतो पण भिंतीकडेच्याच खुर्च्यांवर.

अजून एक शंका. ऑनलाइन नऊ हजारात प्रोजेक्टर मिळतोय, "4के सपोर्ट, १२,००० लुमेन" लिहिलंय. तुमच्या हिशोबाने १२ हजार लुमेन म्हणजे थेटरच झालं की. गणपतीत मंडळाच्या मांडवात लावायचा विचार चाललाय.

पुणेरी_लेन्स

नका घेऊ. "सपोर्ट" म्हणजे 4के फाइल दिली तर ती नाकारत नाही, दाखवतो मात्र त्याच्या आतल्या पॅनलएवढंच, ते ७२०पी किंवा फार तर १०८०पी. आणि ते १२ हजार नुसते खोक्यावर छापायला असतात. एन्सी लुमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले खरे लुमेन किती ते विचारा, दोनशे-तीनशे निघतात. दहा फुटी पडदा म्हणलात तर क्षेत्रफळ ५६ चौरस फूट, गुणिले १४, म्हणजे ८०० लुमेन पाहिजेत ते पण मिट्ट काळोखात. मांडवात सिरीजच्या माळा, रस्त्यावरचा दिवा, शेजारच्या वडापावच्या गाडीची ट्यूब. तिथे खरे तीन-चार हजार लुमेनवाला, शाळा-हॉलमध्ये वापरतात तो, भाड्याने आणा. रात्रीपुरता मिळतो.

त्या मशीनमध्ये पण आरशांची चिप असू शकते बरं का, पण एकच. पुढे लाल-हिरव्या-निळ्या काचांची चकती गरागरा फिरते आणि एकामागून एक रंग टाकते. काही लोकांना मान पटकन फिरवली की त्याचं इंद्रधनुष्य दिसतं, डोकं दुखतं. थेटरात तीन चिप असतात म्हणून तो त्रास नाही.

एडिसनकर_जोशी

कीचा विषय निघाला म्हणून आमचा सातासमुद्रापारचा अनुभव. मी न्यू जर्सीत असतो, इथे महाराष्ट्र मंडळाचे लोक मराठी पिक्चर आला की थेटरचा एक शो बुक करतात, रविवारी सकाळचा वगैरे, तिकिटं आपापसात विकायची, समोसे-चहा लॉबीत नेता येईल का ह्यावर तासभर चर्चा. एका पिक्चरच्या वेळी की आदल्या रात्री आली, सगळे खूश, सकाळी लावली तर मशीन म्हणतंय अजून वेळ झाली नाही. भारतातून की बनवताना वेळ भारताप्रमाणे दुपारी धरली होती का इथल्याप्रमाणे ह्याचा कोणीतरी घोळ घातला होता. दीडशे लोक नऊवारी-नथीत लॉबीत, मुंबईत रात्र, फोन कोण उचलणार. नवीन की आली तोपर्यंत समोसे संपले होते. पिक्चर बरा होता.

एक गोष्ट मात्र इथे बघितली, तीच डीसीपी, सबटायटलवाली, पण मशीन लेझरवालं होतं आणि काळा रंग जास्त काळा वाटला. ताई, लेझरमध्ये खरंच फरक असतो का माझा भास?

पुणेरी_लेन्स

काळा किती काळा हे लेझरपेक्षा आतल्या ऑप्टिक्सवर आणि हॉलमध्ये किती उजेड सांडतो त्याच्यावर जास्त असतं, पण चांगल्या लेझर मशीनमध्ये फरक दिसतो, भास नाही. लेझर म्हणजे फक्त दिवा बदललाय, आरशांची चिप तीच. त्याच्यात दोन जाती आहेत. स्वस्तवाल्यात निळा लेझर एका पिवळ्या फॉस्फरच्या चकतीवर मारतात आणि त्यातून बाकीचे रंग काढतात. महागवाल्यात लाल, हिरवा, निळा तिन्ही लेझर वेगळे, रंग एकदम शुद्ध, पण कधीकधी पांढऱ्या भागावर मुंग्यांसारखी चुळबुळ दिसते, स्पेकल म्हणतात, ते टाळायला काही ठिकाणी पडदाच किंचित थरथरवतात.

मालक लोक लेझरकडे चाललेत ते रंगासाठी नाही, बल्बच्या कटकटीसाठी. झेनॉन बल्ब ताकदीप्रमाणे काहीशे ते दोनेक हजार तास, लेझर वीस-तीस हजार तास. आणि झेनॉन बदलणं हे काम मला आजही आवडत नाही. तो गार असताना सुद्धा आत प्रचंड दाब असतो, चालू असताना तर विचारू नका, हातातून सुटला तर काचेचा बॉम्बच. तोंडावर शील्ड, जाड जाकीट, हातमोजे, केबिनमधून सगळ्यांना बाहेर काढायचं आणि मगच डबा उघडायचा. काचेला बोट लावायचं नाही, तेलकट डाग राहिला तर तापल्यावर तिथेच तडकते. जुना बल्ब पण तसाच जपून काढायचा, जुना म्हणजे मेलेला नव्हे.

केबिनमधला_काका

ताई अगदी बरोबर. आमच्याकडे बल्ब मशीनमध्येच फुटला होता, आवाज ऐकून बाल्कनीतली माणसं खाली धावली, वाटलं सिलिंडर गेला. आतला आरसा पण गेला त्याच्याबरोबर. लोडशेडिंगच्या काळात तर रोज धाकधूक, लाइट अचानक गेली की पंखा बंद, बल्ब लालबुंद, गार करायला काही नाही. जनरेटर लागेपर्यंत मी वहीच्या पुठ्ठ्याने वारा घालत उभा राहायचो, त्याचा काही उपयोग नाही हे माहीत असून. आणि सर्व्हर परत चालू व्हायला जो वेळ घेतो तेवढ्यात पब्लिकचं एक भांडण होऊन मिटतं.

उपाशी_दिग्दर्शक

मी शॉर्टफिल्म बनवतो (हसू नका). ज्यांना वाटतं डीसीपी हे फक्त मोठ्या लोकांचं काम आहे त्यांच्यासाठी, डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, घरच्या लॅपटॉपवर डीसीपी बनते. वेळ लागतो, पंखा किंचाळतो, पण बनते. गोव्याला, पुण्याला फेस्टिवलांमध्ये आता डीसीपीच मागतात. पहिल्यांदा करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, थेटरची 2के म्हणजे २०४८ रुंद, आपण टीव्हीसाठी करतो ते १९२०. स्कोपला २०४८ बाय ८५८, फ्लॅटला (कमी लांबट आकाराला) १९९८ बाय १०८०. तुम्ही १९२० रुंदीत शूट केलं असेल तर कडेला काळ्या पट्ट्या येणार, त्या येऊ द्या, ओढून ताणून बसवू नका. सेकंदाला फ्रेम २४ ठेवा, २५ मध्ये शूट करून बसलात तर काही सर्व्हर कुरकुरतात. डिस्क लिनक्स फॉरमॅटमध्ये द्यायची असते, विंडोजच्या लॅपटॉपला लावली की तो म्हणतो फॉरमॅट करू का, चुकूनही हो म्हणू नका. आणि फेस्टिवलला देताना एन्क्रिप्ट करूच नका, तुमची दहा मिनिटांची फिल्म चोरायला कोणी बसलेलं नाही आणि की चुकली तर शो गेला.

डिजिटल झाल्यावर निर्मात्याचे पैसे वाचले असं सगळे म्हणतात त्यात अर्धंच खरं आहे. प्रिंटचा खर्च गेला, त्याच्या जागी व्हीपीएफ (व्हर्च्युअल प्रिंट फी) आली, म्हणजे थेटरमध्ये ज्या कंपनीचं मशीन बसलंय तिला दर स्क्रीनमागे निर्मात्याने द्यायचे पैसे. मशीनची किंमत वसूल होईपर्यंत म्हणून सुरू झालं, ते चालूच राहिलं. २०१८ च्या मार्चमध्ये तेलुगू-तमिळ वगैरे निर्मात्यांनी ह्याच्यावरूनच नवे पिक्चर लावायचे थांबवले होते, तमिळवाल्यांनी तर जवळजवळ दीड महिना. मराठी निर्माता तर दोन आठवडे थेटर टिकलं तरी नवस फेडतो, तो कसला संप करतोय.

जत्रेतला_तंबू

थेटरच्या बाहेर पण हे मशीन कुठे कुठे पोचलंय ते कोणी बोललंच नाही. आमच्याकडे जत्रेत तंबू टॉकीज यायच्या, ट्रकमध्येच मशीन, ट्रकच्या मागच्या दारातून पडद्यावर उजेड. शेवटी शेवटी त्यांनी पण रिळं सोडून डिजिटल घेतलं, कारण नव्या पिक्चरची रिळं निघायचीच बंद झाली. तंबूच्या बाहेर लाउडस्पीकरवर "आजच्या खेळाला" म्हणून ओरडणारा माणूस तोच, आतलं मशीन नवं. आता तर फुगवायचे थेटर निघालेत, २०२१ मध्ये लेहला ११,५६२ फुटांवर असं एक लावलं होतं. बाकी तारांगणात घुमटावर आकाश दाखवायला, किल्ल्यांच्या-पुतळ्यांच्या लाइट शोला भिंतीवर चित्र पाडायला, लग्नात नवरा-नवरीच्या मागे फिरणारी फुलं दाखवायला, सगळीकडे आतून हेच आरसे नाहीतर एलसीडी. आणि उलट बघा, काही थेटरांतून प्रोजेक्टरच चाललाय, पडद्याच्या जागी भिंतीएवढी एलईडी. कोरियात सोलला २०१७ लाच बसली. तिथे केबिनच नाही, काका कुठे बसणार?

केबिनमधला_काका

काका घरी बसलाय, त्याची काळजी नको. एलईडीच्या भिंतीला आवाजाची पंचाईत असते म्हणे, पडद्याला बारीक भोकं असतात म्हणून स्पीकर त्याच्या मागे लपवता येतो, भिंतीमागे कसा ठेवणार, बाजूला-वर ठेवावा लागतो.

भीमाकाठचा_पिंट्या

अपडेट देतो. आज मॅनेजरला गाठलं, तुमचं सगळं वाचून दाखवलं. पोलरायझरची काच खरंच लेन्सपुढे तशीच होती, त्यालाही माहीत नव्हतं, ऑपरेटर नवा आहे. काढली. बल्बचे तास विचारले तर वर बघायला लागला, म्हणाला मालकांशी बोलतो. की वेळेवर येईल का म्हणलं तर हसला नुसता.

पुणेरी_लेन्स

चला, निम्मं काम झालं. बल्ब बदलतील त्या दिवशी त्यांना म्हणावं नुसता बसवून जाऊ नका, तो पुढेमागे, वरखाली सरकवून जुळवावा लागतो. पूर्ण पांढरा पॅटर्न लावायला सांगा आणि मीटर नसेल तर डोळ्यानेच बघा, चारही कोपऱ्यांना मधल्या उजेडाच्या पाऊणपट तरी उजेड दिसला पाहिजे. एकच कोपरा काळा असेल तर बल्ब तिरका बसलाय. आणि काच पुसायला धोतराचा फडका वापरू देऊ नका, लेन्सचा कपडा वेगळा मिळतो.